मनकर्णाबाईची दुसरी मतपत्रिका

मनकर्णाबाईने मघाशी पुन्हा नाही म्हटले, म्हणून मृत्युपत्रातले घराचे कलम खोडून नव्याने लिहीत आहे.

मी अर्जुनराव तुळशीराम वायाळ, राहणार अमडापूर, तालुका चिखली. दमा आहे, अक्कल जागेवर आहे. कोणाचे दडपण नाही.

विहिरीसह मळा थोरला मुलगा कारभारी याला. नाल्याकडचे कोरडवाहू धाकट्या मोतीरामला. बैलजोडी दोघांची, भांडले तर विकावी.

घर पत्नी मनकर्णाबाईला देणार होतो. हरकत एकच. लोकसभेला आपल्या मतदारसंघातून दोन जण निवडायचे होते, म्हणून प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळाल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. दोन्ही मते एकाच पेटीत टाकायची नाहीत. पहिले कुठे टाकायचे ते मी तिला सांगितले होते. दुसऱ्याचे सांगायचे राहिले. पडद्याआड ती एकटी गेली. माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला.

जानेफळचे उत्तमराव उभे होते. मनकर्णाबाईला पहिले स्थळ त्यांचेच आले होते. माझी विहीर मोठी म्हणून सासऱ्यांनी मला पसंत केले. प्रचाराला आले तेव्हा ओसरीवर बसून म्हणाले, "काय मनकर्णे, ओयखलं का?" ती हसली. माझ्याशी बोलताना ती पदर तोंडाशी धरते. तेव्हा धरला नव्हता.

उत्तमराव पडले. त्या दिवशी ती जेवली नाही. उपास आहे म्हणाली. वार बुधवार होता.

सबब, दुसरी मतपत्रिका कोणाच्या पेटीत टाकली ते तिने उद्या उजाडेपर्यंत सांगितल्यास घर तिचे. न सांगितल्यास घर मुलांचे. माझ्या पश्चात तिने गोठ्यालगतच्या खोलीत राहावे.

हे तिला वाचून दाखवले.

"आत म्या एकलीच होती," ती म्हणाली. "तुमाले काऊन सांगू? तिथल्या सायबानं सांगतलं, कोनालेच सांगाचं नाई."

"नवऱ्यालेबी?"

"त्यायनं नवरा वगळला नाई."

साक्षीदार पुंजाजी म्हणाले, "अर्जुनराव, मेल्यावर कोनाच्या पेटीवर डोया ठेवसान?" साक्षीदाराने हसू नये, असे मी त्यांना बजावले.

अमडापूर, १६ मार्च १९५२
सही: अर्जुनराव तुळशीराम वायाळ
साक्ष: पुंजाजी गवई (अंगठा)
साक्ष: भालचंद्र पाठक, शाळामास्तर (सही)

दुसरे दिवशी सकाळी: मनकर्णाबाईने आपली वाकळ आणि ट्रंक गोठ्यालगतच्या खोलीत नेली. मी अजून जिवंत आहे, असे मी तिला सांगितले.

"हाव," ती म्हणाली. "झाडून तं घेऊ द्या."