एकेचाळीस वस्तूंची यादी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालते.

घर रिकामं करायला घेतलंय. महिनाअखेरीला किल्ली परत द्यायची आहे. तीन ढीग केलेत: वापरण्याजोगं, दुरुस्त होण्याजोगं, आणि मोडून नुसता माल कामी येईल असं. आईचं ऑक्सिजनचं मशीन मी स्वतः तपासून, फिल्टर बदलून दवाखान्याला दिलं. चष्मे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. भांडी शेजारच्या काकूंनी नेली. वर म्हणाल्या, "तुझ्यासारखी आवरणारी पोरगी हवी बाई घरात. आमच्याकडे एकजात साठवणारे!" मी झाकणं मोजून त्यांच्या हातात दिली.

प्रयोगशाळेत काम तेच. लोकांचे वजनकाटे आणि तापमापक खरं सांगतात की नाही ते तपासायचं. लहानपणी आपल्या दोघांच्या खाटेच्या बरोबर मध्यावर मी खडूने रेघ मारली, तेव्हापासून तू मला इंचपट्टी म्हणायचास. मला राग यायचा. आता कोणी म्हणत नाही.

मुद्द्यावर येते.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास. सहा वर्षांनी. तुझ्या खोलीचं दार उघडलंस आणि नुसता उभा राहिलास. आत काहीच नव्हतं. "माझं सामान?" म्हणालास. मी म्हणाले, "आईने देऊन टाकायला लावलं." तू म्हणालास, "बरं केलं तिने." चहाही न घेता गेलास.

ते खोटं होतं.

आई इस्पितळात असताना डॉक्टरांनी घरातली धूळ कमी करायला सांगितलं होतं. दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही ते बाहेर, असा मी नियम केला. तुझ्या खोलीतल्या एकेचाळीस वस्तू त्यात बसल्या. जुनं सामान नेणाऱ्या संस्थेच्या छापील कागदावर एकेक लिहिली, नक्कल घरी ठेवली. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर नियम चालला नसता, हे मला माहीत होतं.

आई घरी आली. दारातूनच म्हणाली, "अगं बाई, केवढी मोठी दिसतेय खोली." मग जरा वेळाने, "स्वेटर कुठाय गं त्याचा?"

"दिला. आई, कोपर फाटलं होतं त्याचं."

"हो ना. रफू करायचाच होता."

एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले. कपडे निवडणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, फाटकी लोकर आम्ही ठेवत नाही. पिंजून गादीत भरतात ती. आता कोणाच्या पाठीखाली आहे, देवालाच ठाऊक." आईला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. कोणाला तरी ऊब मिळतेय." त्यानंतर ती अकरा दिवस होती.

तुझ्याशी खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. घाबरले होते हे खरं, पण पूर्ण खरं नाही. सहा वर्षं तिला उठवणं-बसवणं मी केलं, आणि ती, भिंतीला धरून का होईना, खोली मात्र तुझी झाडायची. तुला लागावं असंच वाटलं मला. लागलंही. तुझा चेहरा मी पाहिला.

काल आईची उशी तिसऱ्या ढिगात टाकण्याआधी अभ्रा काढला. आत यादीची नक्कल निघाली. प्रत्येक ओळीपुढे शेऱ्याचा रकाना असतो, मी मोकळा सोडला होता. आईने तो पेन्सिलीने भरलाय.

"सायकलचा पंप, निकामी, १." पुढे आईचं अक्षर: "निकामी नाही. जोर लावावा लागतो."

"बूट, आठ नंबर, १ जोड." "आता नऊ लागत असेल."

"वह्या, रद्दी, साडेतीन किलो." "अक्षर वाईट. गणितं बरोबर."

"स्वेटर, राखाडी, डावं कोपर फाटलेलं, १." "लोकर शिवणाच्या डब्यात आहे."

डबा उघडला. आहे. राखाडीच. रंग तंतोतंत जुळवून आणलेली.

शेवटची ओळ तुझ्या खाटेची. तिच्यापुढे लिहिलंय, "तो आला तर माझी द्यावी."

तू आलास तेव्हा ती खाट पलीकडच्या खोलीत होती. धुतलेली चादर मीच घातली होती.

यादी सोबत पाठवतेय. झेरॉक्स नाही, आईच्या हातची तीच. तिने तुझं काहीही देऊन टाकलेलं नव्हतं. ते मी दिलं.

लोकरही पाठवणार होते, पण ती ठेवून घेतलीय. आईची खाट कुठल्याच ढिगात घातलेली नाही. नव्या जागेत खोली एकच आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोनदा मोजली. माझी आणि आईची, दोन्ही खाटा मावतात. मध्ये रेघ मारणार नाही.

तुझी,
इंचपट्टी