रंगूआत्याची धाबळी

कल्याण, भाद्रपद शुद्ध १३, शके १८०९

चि. सौ. सुमतीस हरिहरचे पोटभर आशीर्वाद. इकडे क्षेम, तिकडचे तू न विचारता लिहिशीलच.

रंगूआत्याचे काशीचे वेड उतरत नाही. दसरा झाला की शेजारच्या गंगुबाईंबरोबर निघणार, परत येणार नाही म्हणते. आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवले, तिला निरोप द्यायला माझे पाय कसे उचलतील? रुसून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तिने थालीपीठ लावले आणि मी हरलो.

दुसरी भानगड. ठाकुर्लीला आपल्या बांधावर दौलत गवत कापत होता. तिथून लावी पाखरीण घरट्यातून उडाली ती दिवसभर फिरकली नाही. मागे सात अंडी. दौलतची कोंबडी खुडूक नाही, अंड्यांवर बसायची नाही, आणि आपल्या सोवळ्याच्या घरात कोंबडी आणली तर आत्या दसऱ्याचीही वाट पाहणार नाही. तेव्हा मीच कोंबडी झालो आहे. चुलीमागच्या कोनाड्यात टोपलीत अंडी ठेवली, वर उबेला आत्याची सोवळ्यात नेसायची जुनी लोकरीची धाबळी. तिला हल्ली नीट दिसत नाही, हे बरे. कुठे बोलू नकोस.

तुझा भाऊ

ठाणे, भाद्रपद वद्य ३

तीर्थरूप भाऊंस सुमतीचा नमस्कार, हसू आवरून वाकता येईल तेवढा.

पूजेच्या ताम्हनात बेडकाची पिल्ले तुम्ही पाळलीत आणि मार मी खाल्ला, ते विसरले नाही. आमच्या शेवंतीकडे कोंबड्या आहेत. ती सांगते, अंडी दिवसातून चारदा उलथावी लागतात, निवली की संपली. तुम्ही दहा ते पाच कचेरीत. मग उलथते कोण, मामलेदार?

थट्टा पुरे. धाबळी आधी जागेवर ठेवा. आत्या चिडून गेली तर मला माहेर कुठले? लिहिताना रडू आले, म्हणून थांबते. माया आहेच, ती तेवढी टोपलीत कोंबू नका.

सुमती

कल्याण, भाद्रपद वद्य १३

चि. सुमे, आशीर्वाद घे आणि बसून वाच.

परवा पाच पिल्ले निघाली, अंगठ्याएवढी. धाबळी झटकून गुपचूप खुंटीवर टांगली. काल वडिलांचे श्राद्ध. आत्या नेमकी तीच नेसून खिरीचे पातेले घेऊन दाराशी आली, आणि मागून पाचही पिल्ले टोपलीबाहेर उड्या टाकून तिच्या पाठोपाठ रांगेने! जन्मल्यापासून त्यांची आई म्हणजे ती धाबळी. भटजी पाटावरून उठले. मी डोळे मिटून घेतले.

आत्या शांतपणे भटजींना म्हणाली की पितर कोणत्या रूपाने येतील सांगता येत नाही, बसा. भटजी बसले. खीर दोनदा घेतली.

नंतर मी तिच्या पायाशी बसून सगळे कबूल केले. तर तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. लोकरीला विटाळ नसतो म्हणाली. मी सकाळी एकदा अंडी हलवून कचेरीत जाई, बाकीच्या तीन वेळा तीच उलथी. माझी अर्धवट कामे लहानपणापासून तिनेच पुरी केली आहेत, हेही ऐकवले. तेव्हा पाचही जण तिच्या पदराखाली झोपले होते. सुमे, मला रडू आवरेना.

गंगुबाई सामान बांधायचे विचारायला आल्या. पदरची पाच लेकरे टाकून काशीला कशी येऊ, असे सांगून तिने त्यांना वाटेला लावले.

मला मात्र धास्ती होती. ही पाखरे दसऱ्याच्या आतच उडून जाणार, मग हिला कोण थांबवील? आज सकाळी दौलत गवताचा भारा टाकायला आला, तेव्हा आत्या त्याला परसात बाजूला घेऊन हळूच विचारत होती, की लावी पुन्हा अंडी कधी घालते.

हरिहर