दार लाव रे, कडी घाल

बाई, गेल्या आठवड्यात सरकारने आजार संपवला. तुम्हाला हे कसं सांगावं कळत नाही, कारण तो आजार आला तेव्हा तुम्ही नव्हताच. तोंडाला फडकी बांधून माणसं एकमेकांपासून लांब उभी राहत होती, एवढंच धरून चला. आजार केव्हाच ओसरला, पण त्यावरची परिपत्रकं मागे राहिली होती. मुदत वाढायची, पुन्हा वाढायची. या वेळी वाढली नाही. आपल्या केंद्रातल्या मदतनीस ताईंनी मोबाइलवर आदेश वाचला आणि म्हणाल्या, "सर, आजार गेला म्हणे. साहेबांची सही झाली." मी हसलो, आणि मग ताईंचा चेहरा पाहून थांबलो. घरोघरी जाऊन शिकवण्यासाठी जे वेगळं अनुदान मिळत होतं, त्यातून त्यांचा पगार निघत होता. मनाच्या तक्रारींसाठी आठवड्यातून एकदा अलिबागहून येणारे समुपदेशक त्यातूनच येत होते. ते आता येणार नाहीत. ताई मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या, आणि मुलांचे डबे उघडून दिले.

पण मी लिहायला बसलो ते आपल्या सुपारीवाल्यासाठी. तुम्हाला तो आठवेलच. बुद्धीने मागे म्हणून शाळेने घेतला नाही, तेव्हापासूनचा तो; आई त्याला तुमच्या मागच्या पडवीत घेऊन आली, तेव्हा केंद्र म्हणजे ती पडवी आणि एक चटई एवढंच होतं. रोज खिशात एक सुपारी घेऊन यायचा आणि तुमच्या हातावर ठेवायचा. आता चाळिशीला आला आहे. कानाजवळ केस पिकलेत. अजून सुपारी देतो, पण आता ती घ्यायला मला त्याच्या घरी जावं लागतं, कारण तो फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. आणि याला कारण माझी एक कविता आहे.

झालं असं. पहिलं परिपत्रक आलं, केंद्र पुढील आदेशापर्यंत बंद. दुसरं आलं, फोनवर शिकवलेलं चालेल. आपल्या मुलांना फोनवर काय शिकवणार? सुपारीवाला फोन उलटा करून माझी पाठ शोधायचा. मग तिसरं आलं, अंगणातून, अंतर राखून भेट घेतली तर ती हजेरी धरू. मी तुम्ही दिलेल्या करवंट्या पिशवीत टाकल्या आणि निघालो. त्या करवंट्या, बाई, अजून तशाच तुळतुळीत आहेत. शेवटच्या दुखण्यात तुम्ही त्या माझ्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "ताल चुकलास तर पोरं हसतील. हसू दे." मी गल्लीच्या तोंडाशी टक टक सुरू केली की घरोघरची मुलं दारात येऊन उभी राहत. त्यांना घरात थांबवायचं कसं, हा प्रश्न होता. नियम समजावून सांगितला तर राहत नाही, कवितेत बसवला तर राहतो, हे तुमच्याकडूनच शिकलो होतो. म्हणून मी रचलं:

दार लाव रे, कडी घाल,
अंगणातच थांब खुशाल.
तू येऊ नको, मीच येईन,
तुझा धडा तुलाच देईन.

मला स्वतःला ती फार आवडली होती, हे तुमच्यापासून काय लपवायचं. चौलच्या वाड्यांमधून, त्या सुपारीच्या गार सावलीतून, ती म्हणत चालताना मी पुन्हा तुमच्या वर्गातला तिसरीतला मुलगा व्हायचो. सगळ्या मुलांनी ती पाठ केली, आणि दारं उघडल्यावर बाकीच्यांनी हळूहळू सोडूनही दिली. सुपारीवाल्याने सोडली नाही. त्याच महिन्यांत त्याच्या आईला त्या फाटकातून गाडीत घालून नेलं आणि ती परत आली नाही. त्यानंतर कवितेचा शब्द न् शब्द त्याला खरा वाटला असेल तर मी कुठल्या तोंडाने खोटा म्हणू? सरकारचे आदेश दर पंधरवड्याला बदलत होते. त्याला एकच आदेश मिळाला होता आणि तो त्याने पाळला.

इतकी वर्षं निभावलं. मी जात राहिलो, घरभेट म्हणून त्याची हजेरी लागत राहिली. आता केंद्राच्या छपराखाली जो बसेल तोच मोजायचा, आणि जो येत नाही त्याच्यासाठी निवासी संस्थेची शिफारस करायची. तपासणीचे साहेब उद्या मांडव्याच्या बोटीने येणार आहेत. ती संस्था पनवेलच्या पलीकडे कुठेशी आहे. वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तिथे त्याची सुपारी कोण घेणार?

आज रविवार असूनही सकाळी गेलो. त्याचा भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर आहे, चार-चार दिवस घरी नसतो. आज नेमका होता. वहिनी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला जायच्या गडबडीत होती. मला पाहून म्हणाली, "या सर. तुमची कविता अजून चालूच हाय बघा. सरकारचा हुकूम उठला तरी ती काय उठत न्हाय."

भाऊ म्हणाला, "गप गं. सर काय मुद्दाम करतात काय?"

"मुद्दाम न्हाय करत, पण मी कामावर जाऊ का याच्याजवळ बसू? आतापर्यंत सर यायचे, ताई यायची, माझे दोन तास सुटायचे. आता ताईचा पगारच बंद. मग?"

भावाने माझ्याकडे बघितलं नाही. "सर, उद्या तो केंद्रात आला तर आपला काय प्रश्न न्हाय. न्हाय आला, तर मंगळवारी मी गाडी काढतो. माझा भाव हाय तो, मला काय हौस हाय का?" असं म्हणून तो मागच्या पाणंदीला निघून गेला. बराच वेळ तिकडेच होता.

मी अंगणात बसलो. नेहमीप्रमाणे एक करवंटी सुपारीवाल्याच्या हातात दिली, एक माझ्या. दोघांनी मिळून ताल धरायचा ही आमची रीत. रात्रभर डोकं खाजवून नवी ओळ जुळवली होती: दार उघड रे, कडी काढ, वाट बघतं चिंचेचं झाड. केंद्रासमोरची चिंच त्याची लाडकी. त्याने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी तुम्ही ठेवायचात तसा, म्हणाला, "चुकलं, सर." आणि मला जुनी कविता पहिल्यापासून म्हणून दाखवली. मी उठून फाटकाशी गेलो, हात पुढे केला. तो धावत आला, माझं मनगट धरलं आणि मलाच आत ओढू लागला. "बाहेर नको. सर, बाहेर नको जाऊ." त्याचे डोळे भरले होते. तो अडून बसलेला नाही, बाई, तो मला वाचवतो आहे. वहिनीने पदर तोंडाला लावला आणि कामाला जायची तशीच थांबली. मी त्याची समजूत काढली, सुपारी घेतली आणि पिशवी उचलून निघालो. माझ्यामागे कडी लागल्याचा आवाज आला.

घरी येऊन पिशवी रिकामी केली तर आत एकच करवंटी. दुसरी त्याच्याच हातात राहिली. आणायला परत निघालो. चपला घातल्या, ओट्यावर आलो, आणि तिथे मला तुमची छत्री आठवली.

तिसरीत विषमज्वराने माझे केस गेले होते. ताप उतरला तरी डोक्याच्या गोट्याची लाज वाटून मी शाळेत यायला तयार नव्हतो. तुम्ही घरी आलात. स्वयंपाकघरात पाटावर बसून आईच्या हातची घावनं खाल्लीत, माझ्याकडे बघून "कविता काय केसांनी म्हणतात का रे?" एवढंच खडसावलंत, आणि गेलात. छत्री चुलीजवळच्या भिंतीला टेकलेली राहिली. आई म्हणाली, बाईंची छत्री राहिली, उद्या देऊन ये. बाईंची वस्तू, ती पोचवायलाच हवी होती. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी ती घेऊन आलो. वर्गात कविता चालली होती. तुम्ही ताल न मोडता म्हणालात, "आलास? ठेव कोपऱ्यात." आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. दिवाळी होऊन गेली होती, बाई. ना पाऊस, ना ऊन. मग तुम्ही छत्री कशाला आणली होतीत? एवढं आयुष्य गेलं आणि हे मला आज चपला घालताना सुचलं.

चपला काढल्या. भावाला फोन करून सांगितलं, करवंटी तिथेच असू दे, कुणी आणून देऊ नका. त्याच्या हातात दिसली तर फक्त म्हणा, सरांची राहिली. भाऊ म्हणाला, "सर, तो मघापासून ती पाटावर आपटतोय. एकटीचा तसा आवाज येत न्हाय म्हणून रडवेला झालाय."

फाटकापासून केंद्रापर्यंत दोन गल्ल्या आणि एक तळं आहे. उद्या मी त्याच्याकडे जाणार नाही. केंद्रात बसून माझ्या हातातल्या करवंटीवर बोटांनी जमेल तसा ताल धरीन आणि दाराकडे बघणार नाही. आला तर काय म्हणायचं ते तुमच्याकडून मला पाठ आहे. नाही आला तर मंगळवारी गाडीत त्याच्याशेजारी मी बसेन, आणि दुसरी करवंटी त्याच्याबरोबर राहू देईन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, मुद्दाम ठेवलीत ना? भारी डोकं लावलंत." मी हो म्हणालो. खरं म्हणजे मी ती विसरलो होतो.