बारकीच्या फॉर्मचा स्वतंत्र अहवाल

२ फेब्रुवारी, पहाटे ४.५०
आजपासून बारकीच्या सायकलवरच्या फॉर्मची नोंद ठेवणार. रोज. न चुकता.
भीती वगैरे काही नाही. गेल्या मोसमात ती ओल्या वळणावर घसरली, खांद्याचं हाड मोडलं, त्याच दिवशी सगळा भार देवावर टाकून मोकळी झाले. आता फक्त अभ्यास. पोटच्या पोरीने सायकलवर पोट भरायचं ठरवलं, तर आईने निदान विषय समजून घ्यावा.
बावीस तारखेला मोसमातली पहिली शर्यत. तीत चौदा किलोमीटरची टाइम ट्रायल. मिनिटामिनिटाने एकेकीला सोडतात. पुढे कोणी नाही, मागे फक्त टीमची गाडी, झुंज घड्याळाशी. ते बघून टीम ठरवणार, उन्हाळ्यातल्या नऊ दिवसांच्या मोठ्या शर्यतीला बारकी जाणार की नाही. करार याच वर्षी संपतोय. निवड झाली तर पुढचा करार, नाही तर घरी.

४ फेब्रुवारी
ह्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून स्टॉपवॉच आणलं. हे म्हणाले, गिऱ्हाइकाचं आहे, शनिवारी परत पाहिजे. म्हटलं, गिऱ्हाईक कुठे पळतंय? पळतेय ती आपली लेक. हे म्हणाले, मग पळू दे की तिला. लक्ष दिलं नाही. ह्यांना उघडून ठेवलेली घड्याळं कळतात, चालू असलेली नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
पद्धत ठरली. बारकी टीमच्या शिबिरातून सरावाचा व्हिडिओ पाठवते, मागच्या गाडीतून काढलेला. तो बघायचा आणि तीन रकाने भरायचे: कोपरं, पाठ, मान. वळण आलं की मी डोळे मिटून नाव घेते. वळण संपलं की हे खाकरतात, मग उघडते. वेळ अजिबात वाया जात नाही.
आजची नोंद: कोपरं स्थिर. पाठ पाटासारखी. मान खाली. एकही दोष सापडला नाही.
मॅट्रिकला गणितात अठ्ठ्याहत्तर होते. ते आता कामाला येतायत.

९ फेब्रुवारी
रोज सकाळी सहाला बारकीला फोन. फक्त आशीर्वाद. त्यात एवढंच, की सरळ रस्त्याला काय उडायचं ते उड, वळणावर जपून. हाडं एकदाच मिळतात.
ती म्हणाली, आई, हे काल सांगितलंस, परवाही सांगितलंस. म्हटलं, देवाचं नाव काय वर्षातून एकदाच घेतात? बरं, सायकल काढते, म्हणाली. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी
तिकडे रस्ते ओले. फोन तीन. तिसऱ्याला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने उचलला. म्हणाली, काकू, ती आंघोळीला गेलीय, पण निरोप मला पाठ आहे, वळणावर जपून. गोड मुलगी. चार मुली एका खोलीत, सगळ्यांनाच उपयोग होतोय.
रात्री तीनदा उठले. चहा जास्त होतोय. उद्यापासून एकच कप.

१५ फेब्रुवारी
चहा पाच कप. थंडी आहे.

१७ फेब्रुवारी, दुपारी
कोचना फोन करून अहवाल सादर केला. माणूस सभ्य आहे, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, वळणांबद्दल तुमचं काय मत? म्हटलं, वळणं चांगलीच असणार, माझी पूर्ण श्रद्धा आहे. त्यांनी आभार मानून फोन ठेवला. प्रभाव पडला.
हे म्हणाले, तू वळणं बघितलीस तरी का? म्हटलं, तुम्ही खाकरायचं काम करा.

२२ फेब्रुवारी, दुपारी १.३०
आज. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. उपास नाही, विसरले. पण डोकं शांत. गिऱ्हाइकाचं स्टॉपवॉच अजून माझ्याकडेच, दोनदा तपासलं.
अंदाज आधीच लिहून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको: पहिल्या पाचात.

त्याच दिवशी, ४.१५
एकतिसावी.
पहिलीला १८ मिनिटं ५२ सेकंद, बारकीला १९.४१. एकोणपन्नास सेकंद. वारा असणार. किंवा त्यांचं घड्याळ बिघडलेलं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, एकट्या बारकीपुरतं कसं बिघडेल?
सुखरूप आली. ते बाकी उत्तम झालं.

२३ फेब्रुवारी
बारकीचा फोन. कोचनी हिशोब मांडला म्हणे. पायांत ताकद आहे, आजवरच्या सगळ्या आकड्यांत सरस. सरळ रस्त्याला ती पहिलीच्या बरोबरीने होती. अकरा वळणं. प्रत्येक वळणाला चार-साडेचार सेकंद गेले. सगळे एकोणपन्नास तिथेच.
मी म्हटलं, म्हणजे माझी नोंद खरी ठरली, कोपरं, पाठ, मान.
ती म्हणाली, आई, वळण आलं की तुझा आवाज येतो. हात आपोआप ब्रेकवर जातात. मला ऐकायचा नसतो, तरी येतो.
म्हटलं, रेंज फारच चांगली आहे मग. ती हसली नाही. म्हणाली, आठ मार्चला दुसरी टाइम ट्रायल आहे, शेवटची संधी. तोवर फोन करू नकोस, प्लीज. एकदाही नाही.
बरं म्हटलं. त्यात काय एवढं.

२४ फेब्रुवारी
शर्यतीचा व्हिडिओ बघितला. डोळे उघडे ठेवून, ह्यांचा हात धरून. वळण आलं की बारकी हात पुढच्या दांड्यांवरून उचलते, बाजूच्या ब्रेकवर आणते, छाती वर येते, सायकल मंदावते. अकरा वेळा. घरात जिन्यावरून पळताना मी हाक मारली की अशीच थबकायची.
आठव्या वळणाला मी म्हणाले, शाब्बास. ह्यांनी हात सोडवून घेतला.

२५ फेब्रुवारी ते २ मार्च
फोन नाही. कपाटं आवरली. परत आवरली. मोबाइल ह्यांच्या दुकानात ठेवला. दुकान लांब नाही.

५ मार्च
दुकानात गेले होते. फक्त चार्जिंग बघायला. हे म्हणाले, चार्जिंग आहे, घरी जा.
निश्चय पक्का आहे. वळण चार सेकंदांचं, चार सेकंद तर मी श्वाससुद्धा रोखू शकते. रोखून बघितला. अडीच.

८ मार्च, सकाळी ९.२०
फोन केला. पण मी काहीच सांगितलं नाही. उलट तेच सांगायला केला, की बाळा, मी काही सांगायला फोन केलेला नाही, तू तुझ्या मनासारखं कर. ती म्हणाली, बरं आई. पाठीमागे घोषणा चालली होती, वीस मिनिटांत तिची सुटण्याची वेळ.
शेवटी फोन जरा घाईत ठेवला असेल. 'जपून' म्हटलं नाही. ठेवतेवेळी 'हं' म्हटलं फक्त. आईचं 'हं' असतं, तेवढंच.

त्याच दिवशी, दुपारी
तेविसावी. सुधारणा आहे.

११ मार्च, संध्याकाळी ६
यादी लागली. सहा नावं. बारकी नाही. करारही पुढे नाही, असं मॅनेजरने तिला समोर बसवून सांगितलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, शनिवारी सामान घेऊन घरी येते, माझी खोली रिकामी करून ठेव. चुकलं माझं, म्हणायला गेले, तर म्हणाली, आई, राहू दे.
हे जेवले नाहीत. मी भांडी घासली. मन जड आहे. फार जड आहे. देवाने असं का करावं?

१२ मार्च, सकाळी ८.२०
आठनंतर जाग आली. हे म्हणाले, दोन हाका मारल्या, घोरत होतीस, वर्षभरात पहिल्यांदाच. नऊ तास झोपले.
पोरीचं आयुष्य मोडलं आणि आई नऊ तास झोपली.
आंघोळ करून देवापुढे उभी राहिले. तिची निवड होऊ दे, असं इतक्या दिवसांत मी एकदाही म्हटलं नव्हतं.