दोनशे बारा बटणांचं मूळ पान

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच, उरलेला भेटल्यावर घालीन). तुझा गुडघा कसा आहे? काकांना आणखी कमी ऐकू येऊ लागलं असेल तर मला त्यांचा हेवा वाटतो. मला हिचं बोलणं अजून स्वच्छ ऐकू येतं.

तुला ठाऊकच आहे, नोकरी सोडून मी लाँड्रीच्या वरच्या खोलीत बटणांचं ऑनलाइन दुकान थाटलं. तुझ्या दुकानाच्या वेबसाइटवर तू प्रत्येक बटणाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्यास. त्या मागितल्या तर म्हणालीस, ‘‘घे की, त्यात काय विचारायचं!’’ मी काना-मात्रा न बदलता घेतल्या. त्यामुळे शाळेच्या शर्टाच्या पांढऱ्या बटणाखाली माझ्याही दुकानात झळकलं, ‘माझा भाचा हे रोज तोडून आणायचा; तेच परत लावत गेले, बटणाला काही झालं नाही.’ मला भाचा नाही, आणि सुई ओवायची म्हटलं तर मी हिला हाक मारतो.

एवढं करूनही शोधणाऱ्याला दुकान सापडेना. शेवटी वेबसाइटचा एक तज्ज्ञ गाठला (गळ्यात दोन चष्मे, डोळ्यांवर एकही नाही). त्याने निदान केलं: एकच बटण रंगात, मापात, ‘नवीन आलेलं’मध्ये, सवलतीत, असं सात-सात पत्त्यांवर उघडतं आणि मजकूर तोच. सर्च इंजिन गोंधळतं आणि सातांतलं एकही पान धड वर येऊ देत नाही. उपाय म्हणे सोपा. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाला न दिसणारी एक ओळ घालायची, ‘या मजकुराचं मूळ पान अमुक’. मग इंजिन नकला सोडून त्या मूळ पानालाच पुढे करतं. एवढं सांगून तो पुढच्या रोग्याकडे गेला.

मावशी, मी अख्खा रविवार खपलो. दोनशे बारा बटणं! प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचो, याचं मूळ पान कुठलं? आणि मूळ तर तुझं! नोकरीत वर्षानुवर्षं थापा मारल्या, आणि नेमका त्या दिवशी मला खरेपणाचा झटका आला. सगळीकडे तुझ्या वेबसाइटवरच्या पानांचे पत्ते घातले.

इंजिनाने माझा शब्द मानला (घरात कोणी मानत नाही). तीन आठवड्यांत माझं दुकान शोधातून साफ पुसलं गेलं. परवा तू फोनवर म्हणालीस, ‘‘एकाएकी गिऱ्हाईक वाढलंय रे, देवाची कृपा!’’ मावशी, ती देवाची नव्हती, माझी होती. मी ‘वा वा’ म्हणालो आणि फोन ठेवला.

आता तिथे माझ्याच पानांचे पत्ते घातले आहेत. पण तज्ज्ञ म्हणतो, मजकूर मुळात दुसऱ्याचा, सगळा नव्याने लिहा. बसलो लिहायला. ‘गोल. चार भोकं.’ पुढचं, ‘चार भोकं. गोल.’ नवव्या बटणाला रडू आलं, खोटं नाही सांगत. तुला बटणात बोलण्यासारखं इतकं दिसतं तरी कसं? हिने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर दुकान चाललं नाही तर तिच्या भावाच्या टाइल्सच्या गोदामात हजेरी. मेहुणा आतापासूनच लोकांना माझी ओळख ‘आमचे नवे कारकून’ अशी करून देतो. मला हे दुकान सोडायचं नाही गं.

काकांना नमस्कार (मोठ्याने सांग).

तुझा भाचा

ता. क. – गिऱ्हाईक वाढलं म्हणजे तुला पार्सलं बांधायला माणूस लागेलच. मेहुण्याने हजेरीपटावर नाव चढवायच्या आत कळव. वरचं सगळं लिहिलं ते एवढं विचारायचा धीर यावा म्हणून.

आणखी ता. क. – पत्ते दोनशे अकराच बदलले. शाळेच्या शर्टाचं पांढरं बटण तुझ्याकडेच ठेवलंय. ते तोडून आणणारा मी आणि लावणारी तू, तिथे मूळ पान माझं म्हणून लिहायला हात उचलेना. त्याची ऑर्डर आली तर थांब, ते पार्सल मी येऊन बांधीन.