आधी तांदूळ झटका, मंग कंप्युटर

माह्या लाडक्या वच्छलेले तुह्या शामलाताईचा पोटभर आशीर्वाद.

तुही कंबर कशी हाय? रुपरावजीले नमस्कार सांग, अन् चहात साखर कमी घ्या म्हणा. इथं माहे गुडघे सोडून सारे बरे. फोन मुद्दामच केला नाई. फोनवर तूच बोलतं अन् मी हं हं करतो, अन् यावेळी मले पूर्ण बोलाचं हाय. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर समजून घे.

तर माही नात रितिका सदर भागातल्या ज्या कंपनीत हाय, ती कंपनी कृषी केंद्राच्या दुकानाईले बिलं बनवाचं सॉफ्टवेअर देते. त्यात मधून मधून सुधारणा करून पाठवा लागते, त्याले अपडेट म्हणतात. म्हणजे वडाभात चांगला झाला असतानाबी तू कशी वरून आणखी फोडणी ओततं, तसं. (रागावू नको, दोनदा मागून खाल्ला होता मी.) दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक म्हणे, आजच पाठव. पोरीनं नव्या कंप्युटरवर तपासलं, जुन्यावर तपासाचं राहिलं होतं, अन् मी इकडून फोनावर फोन लावून राहिली, चाल वं, झेंडूचा बाजार उठून जाईन. तिनं पाठवून देलं. झेंडू मात्र सुंदर भेटला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बासष्ट दुकानाईतले जुने कंप्युटर चालू होत, निळे होत, अन् आपोआप बंद पडत. पुन्हा चालू, पुन्हा निळे. लोक हरभऱ्याच्या बियाण्यासाठी दारात उभे, अन् बिल काही निघे ना. रितिकानं मालकाले फोन लावून स्वतःहून सांगतलं, चूक माही हाय. (झेंडूचं नाव घेतलं नाई पोरीनं. मी घेऊन राहिली होती, तर तिनं माहा हात दाबला.) अशात एका गिऱ्हाइकानं कंपनीले लिहून कळवलं का ज्यानं हे पाठवलं त्याले कामावरून काढा, नाई तर आम्ही तुमचं सॉफ्टवेअर सोडतो. मालक म्हणे, सोमवारपर्यंत तो मानला तर ठीक, नाई तर मले तुले काढा लागन.

मंग पोरगी दिवाणावर दोन फोन घेऊन बसली. एकावर ती बोले तर दुसरा वाजे. मी मनात म्हटलं, दुसरा आपण उचलून नुसतं "थांबा" म्हणावं. पण वच्छले, समोरच्याले थांबा म्हणून आपण मुकं बसावं, हे बरं दिसते काय? म्हणून मी विचारलं, कुठले तुम्ही, सोयाबीन निघालं काय. अन् ऐकून ऐकून उपायबी मले पाठ झाला होता. चालू कराचं बटन दहा मोजेपर्यंत दाबून धरा. परत चालू करतानी सगळ्यात वरच्या रांगेतलं आठवालं बटन टकटक दाबत राहा. यादी आली का वरून तिसरी ओळ. त्या ओळीत काय लिहिलं हाय हे मले माहीत नाई अन् त्याईलेबी नाई, म्हणून आमचं लवकर जमे. रितिका लोकाईले ती ओळ इंग्रजीत वाचाले लावे, तिथंच अर्धा तास जाये.

भिवापूरच्या मधुसूदन नावाच्या दुकानदारापुढं तर ती हारली. आठवालं बटन दबतच नाई म्हणे. तिनं कागदावर लिहूनबी टाकलं, कंप्युटर गेला. मी फोन घेतला.

"भाऊ, दसऱ्याले पूजा केली काय?"

"केली ना माय! हळद, कुंकू, अक्षता, सारं वाहिलं."

"कुठं वाहिलं?"

मंग बारीक आवाजात म्हणे, "बटनाईवरच."

"मंग उलटं करून झटक ना गा!"

इतके तांदूळ पडले म्हणे, का दोन चिमण्या जेवून जातीन. बटन टकटक वाजाले लागलं. रितिका पाहतच राहिली. तिनं आपल्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं, आधी तांदूळ पाहा, अन् कंपनीतल्या इंजिनेराईलेबी तेच कळवलं. (सही तिची, अक्कल माही.) वच्छले, एकाहत्तराव्या वर्षी मले कामाले लागल्यासारखं वाटून राहिलं!

काल संध्याकाळपर्यंत सारे बासष्ट चालू झाले. पण ती तक्रार तशीच हाय, अन् उद्या सोमवार. पोरगी धड जेवत नाई. मी म्हटलं, त्या माणसाले मी हात जोडतो. तर म्हणे, आजी, तक्रार खरी हाय, मी माफी मागितली, आता नोकरी मागणार नाई.

शेजारची रुख्मिणी आता सकाळच्या बसनं सावनेरले येऊन राहिली, तिच्याजवळ पत्र देतो. तिले चहा पाज, ती स्वतःहून मागत नाई.

तुही ताई,
शामला

ता.क. ती तक्रार तुह्या जितेंद्रनं केली. कागदावर त्याच्या दुकानाचा शिक्का हाय. आपल्याच पुतणीले काढा म्हणून राहिलो, हे त्याले ठाऊक नाई. अन् काका हाय म्हणूनच रितिका त्याले सांगत नाई.

ता.क. २. त्याचा कंप्युटर काल मीच चालू करून देला. पाव तास "हो म्याडम, जी म्याडम" करे. मावशीले एवढा मान त्यानं जन्मात देला नाई. मलेबी आधी आवाज ओळखू आला नाई, तोंडात तंबाखूचा खर्रा होता ना. (सोडला म्हणून देवीपुढं तुही शपथ घेतली होती ना त्यानं?)

ता.क. ३. जितेंद्र बाळा, तुह्या मायले मोतीबिंदू झाल्यापासून तिचे पत्रं तूच वाचून दाखवतं, हे मले माहीत हाय. वरची खर्र्याची ओळ तू गाळूनच वाचली असशीन. चांगलं केलं. तुही तक्रार सारी राहू दे, फक्त "कामावरून काढा" ही एक ओळ आजच्या आज खोडून पाठव. मंगळवारी मी सावनेरले येऊन वच्छलेले हे पत्र स्वतः पहिल्यापासून वाचून दाखवणार हाय. मी किती ओळी गाळाच्या, ते तुह्यावर हाय.