पहिल्यापासून पणजीचं

ती. बाबांना,

आज नगरपालिकेतल्या जुन्या नोंदी पाहून आले. आपलं कापडाचं दुकान पणजोबांनी काढलं, असं तुम्ही सांगायचात. परवाना पहिल्यापासून पणजीच्या नावावर आहे. पणजोबा त्यात फक्त तिचा नवरा म्हणून आहेत.

मी दुकान मागितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपल्या घरातल्या बायका गल्ल्यावर बसत नाहीत." दादाला दिलंत. त्याने वर्षभरात विकून टाकलं.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? तुम्ही असतात तर विचारलं असतं. राग येईल वाटलं होतं, तोही आला नाही.

कारकून हसून म्हणाला, "बाई, दुकानदारी तुमच्या रक्तातच आहे की!"

मी मान डोलावली. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडून पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय, हे त्याला सांगितलं नाही.

तुमची,
धाकटी